औषध प्रतिनिधींचा प्रवासखर्च : यवतमाळ–वणी–राजूर वाटेवरील हिशेबाचा इतिहास

औषध कंपनीच्या प्रतिनिधीला, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एमआरला, पगार मिळतो तो डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देण्याचा. दिवसाचा मोठा भाग मात्र एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात जातो. हा प्रवास कंपनीच्या कामाचा, म्हणून त्याचा खर्च कंपनीचा, हे तत्त्व या धंद्यात जुने आहे आणि त्याबद्दल कोणाचा वाद नाही. वाद आहे तो अंतर कोणी मोजायचे, कशाने मोजायचे आणि किलोमीटरला किती रुपये धरायचे याचा. मोठ्या शहरातल्या प्रतिनिधीला हा प्रश्न फारसा जाचत नाही, कारण त्याचे डॉक्टर चार-सहा रस्त्यांवर एकवटलेले असतात. तालुक्याच्या आणि त्याखालच्या गावांत तो जाचतो. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा वणी–राजूर पट्टा अशा गावांपैकीच आहे.

राजूर हे वणी तालुक्यातले कोळशाचे गाव. आसपासच्या माणसांच्या तोंडी ‘राजूर कॉलरी’ हेच नाव असते. खाण, चुनखडीचे दगड आणि चुन्याच्या भट्ट्या यांमुळे येथे शेतीवर न जगणारी कामगार वस्ती फार आधी झाली. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून या भागातल्या खाणी नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आल्या. खाण आली की वसाहत येते आणि वसाहतीबरोबर दवाखाने, औषधांची दुकाने आणि डॉक्टरही येतात. त्यामुळे आकाराने लहान असूनही राजूर औषध कंपन्यांच्या यादीत बसू शकणारे गाव आहे.

भूगोल मात्र हिशेबाला सोयीचा नाही. इंग्रजी अमदानीत या जिल्ह्याचे नावच ‘वणी जिल्हा’ होते. कचेऱ्या यवतमाळला होत्या आणि १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. जिल्ह्याचे ठिकाण वणीपासून शंभर किलोमीटरच्या वर आहे. त्या मानाने वर्धा नदीपलीकडचे चंद्रपूर निम्म्या अंतरावर आणि वरोरा त्याहूनही जवळ आहे. लग्नाची खरेदी असो की मोठा आजार, वणीकर अनेकदा चंद्रपूर किंवा नागपूर गाठतो. कंपनीच्या नकाशात मात्र प्रदेश बहुधा जिल्ह्याप्रमाणे वाटलेले असतात. वणी यवतमाळच्या प्रतिनिधीकडे द्यायचे की चंद्रपूरच्या, या एका निर्णयावर वणीची फेरी एका दिवसात आटोपणार की मुक्काम पडणार हे ठरते आणि भत्ताही त्यानुसार बदलतो.

भारतात या पेशाची मुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सापडतात. बडोद्याची अ‍ॅलेम्बिक १९०७ ची आणि मुंबईची सिप्ला १९३५ ची. त्यांच्याबरोबर परदेशी कंपन्यांच्या मुंबई-कलकत्त्याच्या शाखाही होत्या. १९४० च्या औषध कायद्याने औषधांची निर्मिती आणि विक्री नियमांखाली आणली. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींसंबंधीच्या कायद्याने अनेक आजारांवरच्या औषधांची लोकांसमोर जाहिरात करण्यास बंदी घातली. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधासाठी कंपनीला डॉक्टरांपर्यंत पोहोचायचे, तर माणूस पाठवणे हाच भरवशाचा मार्ग उरला. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळेनासे झाले. पेटंट फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळू लागले. देशी कंपन्या वाढल्या, एकाच औषधाची अनेक नावे बाजारात आली आणि प्रतिनिधी जिल्ह्याच्या गावावरून तालुक्याच्या गावाकडे सरकू लागले.

रेल्वेच्या दिवसांत हिशेब सोपा होता. तिकिटावर भाडे छापलेले असे आणि कोणत्या वर्गाने जायचे ते कंपनी ठरवून देई. नागपूर–भुसावळ मार्गावरचे धामणगाव हे यवतमाळचे रेल्वेचे जुने दार. तिथे उतरून पुढे मोटारीने यवतमाळ गाठायचे. वणी-राजूरला कोळशासाठी माजरीकडून लोहमार्ग आला होता, पण दवाखान्यांच्या वेळा सांभाळून दिवसभर फिरणाऱ्या माणसाला कोळशाच्या फाट्याचा काय उपयोग? त्याची भिस्त बसवर होती. जून १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढे विदर्भातली सरकारी बससेवाही राज्याच्या एकाच व्यवस्थेत आली आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. एमआरच्या प्रवासखर्चाच्या इतिहासात या घटनेला कोणत्याही कंपनीच्या परिपत्रकापेक्षा जास्त महत्त्व आहे. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते आणि ते ठरलेले असते. कोणत्या दोन गावांत किती टप्पे आहेत हे आगारात विचारले तरी कळते. कंपनी आणि प्रतिनिधी या दोघांनीही न ठरवलेले, दोघांनाही तपासता येणारे माप यातून मिळाले.

त्या मापावर ‘स्टँडर्ड फेअर चार्ट’ उभा राहिला. धंद्यात त्याला एसएफसी म्हणतात. प्रतिनिधीचे राहते ठिकाण ते हेडक्वार्टर, बोलीत एचक्यू. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल ते गाव एक्स-स्टेशन. जिथे मुक्काम करावा लागतो ते आउटस्टेशन. एचक्यूला भाडे नसते, फक्त कमी दराचा दैनिक भत्ता असतो. एक्स-स्टेशनला जाण्यायेण्याचे भाडे आणि थोडा जास्त भत्ता मिळतो. आउटस्टेशनला राहण्या-जेवण्यासह सर्वांत मोठा भत्ता असतो. प्रत्येक गाव या तीन खणांपैकी एकात बसवून अंतर आणि भाडे लिहिलेला तक्ता एकदा मंजूर झाला की महिन्याचे बिल त्यावरच निघते. टीए (प्रवासभत्ता), डीए (दैनिक भत्ता), हेडक्वार्टर, मुक्काम ही शब्दावली सरकारी प्रवासभत्त्याच्या नियमांतही आहे आणि रचनाही बरीचशी तिथल्यासारखीच आहे.

यवतमाळला राहणाऱ्या प्रतिनिधीचे जुन्या पद्धतीचे खर्चपत्रक डोळ्यांसमोर आणले की तक्त्याची चाल कळते. आडव्या कागदावर तारीख, कुठून, कुठे, अंतर, भाडे, दैनिक भत्ता, टपाल-किरकोळ आणि बेरीज असे रकाने. महिन्याच्या आरंभी दिलेल्या टूर प्रोग्रॅमशी तारखा जुळायला हव्यात आणि रोज पाठवायच्या डेली कॉल रिपोर्टशी, म्हणजे डीसीआरशी, गावांची नावे. मागच्या बाजूला एसटीची तिकिटे टाचणीने लावलेली आणि लॉजची पावती वेगळी. सोमवारी यवतमाळ ते वणी, मुक्काम. मंगळवारी वणीतच काम. बुधवारी पांढरकवडा करून परत. पत्रक एरिया मॅनेजरकडे जाते, तो सही करून पुढे पाठवतो आणि मुख्य कचेरीत प्रत्येक ओळ तक्त्याशी ताडून पाहिली जाते. तक्त्याबाहेरचा प्रवास म्हणजे ‘डेव्हिएशन’. तो आधी विचारून केलेला नसेल तर लाल शाईने कापला जातो.

या पत्रकात राजूर कुठे बसते? वणीपासून ते दहाएक किलोमीटरच्या आतबाहेर, एसटीच्या दोन टप्प्यांचे. अनेक कंपन्यांच्या नियमात एका दिवशी दोन गावे केली तर भाडे एकाच, मोठ्या अंतराच्या गावाचे मिळते. मुक्कामाच्या गावाजवळची लहान गावे स्थानिक कामात धरली जातात. अशा नियमाखाली मंगळवारी वणीहून राजूरला जाऊन यायचे तर तो खर्च प्रतिनिधीच्या खिशातून जातो, किंवा राजूर महिन्याच्या फेरीतून गळते. कोणत्या गावातल्या डॉक्टरला नव्या औषधाची माहिती लवकर मिळणार, केमिस्टकडची मुदत संपलेली औषधे परत घ्यायला कोण आणि केव्हा येणार, हे तक्त्यातल्या एका ओळीवर अवलंबून राहते. प्रवासभत्त्याला केवळ कर्मचाऱ्याची सवलत समजणे म्हणूनच अपुरे आहे. कंपनीने कुठवर पोहोचायचे याची सीमाही तोच आखतो.

दर ठरवण्याची ताकद कोणाकडे, हा प्रश्न कायद्याच्या दारात गेला तेव्हा पहिला अडथळा प्रतिनिधीच्या दर्जाचा होता. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ ‘कामगारां’साठी होता. मे अँड बेकर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले की प्रतिनिधीचे मुख्य काम विक्रीसाठी प्रचार करण्याचे आहे, म्हणून तो या कायद्यातला कामगार नव्हे. कामगार नाही म्हटल्यावर बडतर्फीविरुद्धच काय, टीए-डीएच्या दराविरुद्धही औद्योगिक न्यायालयात दाद मागण्याची वाट बंद झाली. १९६३ मध्ये देशभरातल्या प्रतिनिधींच्या संघटना एकत्र येऊन त्यांचा अखिल भारतीय महासंघ, एफएमआरएआय, उभा राहिला. महाराष्ट्रात एमएसएमआरए ही संघटना त्या छत्राखाली काम करते. महासंघाने संसदेकडे याचिका केली. राज्यसभेच्या याचिका समितीने १९७२ मध्ये त्यावर अहवाल दिला आणि त्याची परिणती विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम, १९७६ मध्ये झाली.

या कायद्याने प्रतिनिधीला ठरावीक नमुन्यातले नेमणूकपत्र आणि रजेचा हक्क दिला. औद्योगिक विवाद, कामगार भरपाई, किमान वेतन, प्रसूती लाभ, बोनस आणि उपदान हे कायदेही त्याला लागू केले. सुरुवातीला दरमहा ७५० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच त्याचा लाभ होता. १९८६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा सामान्य प्रतिनिधीपुरती गेली. तरी महाराष्ट्रात एक गाठ राहिलीच. मुंबईतून गेलेल्या अद्यंथाया विरुद्ध सँडोझ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९९४ मध्ये निकाल दिला. प्रतिनिधी मूळ व्याख्येतला कामगार नाही, त्याचे संरक्षण १९७६ च्या कायद्यातूनच येते, आणि अनुचित कामगार प्रथांसंबंधीच्या राज्याच्या कायद्याखाली त्याला तक्रार करता येत नाही, असे त्यात ठरले. पुढे राज्याने त्या कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्याचा समावेश केला.

किलोमीटरचा दर मात्र यांपैकी कोणत्याही कायद्यात नाही. अमेरिकेत करखाते दरवर्षी मैलाचा प्रमाण दर जाहीर करते. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये कामासाठी वापरलेल्या स्वतःच्या मोटारीच्या वर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि पुढे २५ पेन्स असा करमुक्त दर ठरला. मालकाने तेवढेच द्यावे अशी सक्ती दोन्हीकडे सरसकट नाही, पण वाटाघाटीला एक खुंटी मिळते. भारतात खासगी नोकरीसाठी अशी खुंटी नाही. १९६१ च्या आयकर कायद्याने कलम १०(१४) खाली दौऱ्याचा खर्च भागवण्यासाठी दिलेला भत्ता प्रत्यक्ष खर्चापुरता करमुक्त ठेवला. तो पुरेसा आहे का, हे त्या कलमाला पाहायचे नव्हते. ज्या कंपनीत संघटना भक्कम तिथे दर करारात लिहिला गेला. इतरत्र तो परिपत्रकाने आला आणि परिपत्रकानेच बदलला.

ऐंशीच्या दशकात वाहन बदलले. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि कमी पेट्रोलमध्ये लांब जाणारी मोटरसायकल नोकरदाराच्या आवाक्यात आली. बसची वाट न पाहता वणी, मारेगाव, राजूर, मुकुटबन अशी गावे एका दिवसात जोडता येऊ लागली. कंपन्यांनाही ते हवे होते, कारण दिवसाच्या भेटी वाढत होत्या. गाडी बहुतेक ठिकाणी प्रतिनिधीची स्वतःची, हप्ते त्याचे, विमा त्याचा. कंपनी देते ते एसटीच्या दराइतके किंवा किलोमीटरला ठरलेले काही रुपये. तिकीट नावाचा पुरावा हिशेबातून नाहीसा झाला आणि मागे उरला तो प्रतिनिधीचा शब्द आणि तक्त्यातले अंतर.

इथे एक हिशेब मांडून पाहावा. समजा किलोमीटरला ३ रुपये मिळतात, गाडी लिटरला ५० किलोमीटर देते आणि पेट्रोल १०० रुपये आहे. इंधनाला २ रुपये गेले. उरलेल्या एका रुपयात ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, विमा, दुरुस्ती आणि गाडीची झीज बसवायची. चांगल्या डांबरी रस्त्यावर हे कदाचित जमेल. वणी परिसरात उकणी, नीलजई, मुंगोलीसारख्या उघड्या खाणी आहेत आणि कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालतात. पावसाळ्यात खड्डे आणि उन्हाळ्यात काळी धूळ. अशा रस्त्यावर गाडीचे आयुष्य कमी होते. तक्ता किलोमीटर मोजतो, रस्ता मोजत नाही. राजूरचा आणि नागपूरच्या वर्धा रोडचा किलोमीटर एकाच भावाने धरला की खराब रस्त्याचा भार जिथे रस्ता खराब तिथल्याच माणसावर पडतो.

पेट्रोलच्या बाजूनेही जमीन सरकली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले. १६ जून २०१७ पासून देशभर ते रोज बदलू लागले आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात लिटरने शंभरी ओलांडली. प्रवासभत्त्याचे दर रोज बदलत नाहीत. बऱ्याच ठिकाणी ते वर्षातून एकदा, नाहीतर करार संपल्यावरच उघडले जातात. मधल्या काळातली वाढ प्रतिनिधी सोसतो. त्याच २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. ज्या बसच्या भाड्यावर तक्ते बेतले होते ती बसच महिनोन्‌महिने रस्त्यावर पुरेशी नव्हती. संपाच्या त्या महिन्यांनी जुन्या मापाचा आधार किती पातळ झाला आहे हे उघड केले.

पुरावा परत आणला तो मोबाइलने. डीसीआर आधी टपालाने जाई, मग संगणकावरून आणि पुढे टॅब्लेटवरून. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला तसे हे काम फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गेले. सकाळी ‘डे स्टार्ट’ दाबायचे; काही कंपन्यांत गाडीच्या मीटरचा फोटो काढून पाठवायचा. डॉक्टरच्या दवाखान्याचे स्थान पहिल्या भेटीत नोंदवले जाते, म्हणजे ‘जिओ-टॅग’ होते. पुढच्या भेटीला ठरावीक परिघात उभे राहिल्याशिवाय नोंद होत नाही. संध्याकाळी दिवस बंद केला की अ‍ॅप अंतर काढते आणि खर्चपत्रक आपोआप भरते. मॅनेजरला नकाशावर ठिपके दिसतात.

या पद्धतीचा एक फायदा खरा आहे. वणीहून राजूरला गेलेले दहा किलोमीटर जुन्या तक्त्यात अदृश्य होते, ते आता नोंदीत येतात. कंपनीने प्रत्यक्ष अंतराला पैसे द्यायचे ठरवले तर लहान गावांची फेरी परवडू शकते. पण यंत्र अंतर कसे काढते यावर सारे अवलंबून आहे. दोन ठिपक्यांमधली सरळ रेषा धरली तर वर्धा नदीच्या काठावर ती खोटी ठरते, कारण नदी पुलावरूनच ओलांडावी लागते. नकाशातला सर्वांत जवळचा रस्ता धरला तरी अडचण उरतेच. पुरात वणी–वरोरा रस्त्यावरचा पाटाळ्याचा पूल बंद होतो, जुलै २०२२ मध्ये तसे झाले, आणि मग लांबच्या वाटेने जावे लागते. मंजूर अंतर आणि चाललेले अंतर यांत फरक पडला की बहुतेक ठिकाणी मंजूर अंतर जिंकते. अ‍ॅपने हजेरीची तपासणी क्षणाक्षणाची केली, पण देय रकमेला जुना तक्ताच बांधून ठेवला, तर मोजमापाचा लाभ एकाच बाजूला जातो. आज अनेक प्रतिनिधींची तक्रार नेमकी हीच आहे, आणि ती रास्त आहे.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. फोन स्वतःचा, तो रात्री घरीही सोबत असतो. ठिकाण कळवणे दिवस बंद केल्यावर थांबते का, नोंदी किती काळ ठेवल्या जातात, त्या कोण पाहतो? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी माहिती वापरण्याची मालकाला मुभा दिली. २० डिसेंबर २०२३ च्या देशव्यापी संपात महासंघाने प्रतिनिधींसाठी वैधानिक कार्यनियम मागितले, तसाच इलेक्ट्रॉनिक साधनांनी चालणाऱ्या पाळतीलाही विरोध केला.

अंतराच्या नोंदीला आणखी एक बाजू आहे. अपघातात भरपाई मिळते ती अपघात नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात घडला असे दाखवता आले तर. फॅक्टरीतल्या कामगाराला दाराची हजेरी पुरते. रस्ता हीच ज्याची कामाची जागा आहे त्याला आपण त्या वेळी कुठून कुठे निघालो होतो हे सिद्ध करावे लागते. टूर प्रोग्रॅममध्ये वणी लिहिलेले आणि अपघात राजूरच्या वाटेवर, कारण तक्त्यात राजूर नाही म्हणून ते लिहिलेच नव्हते, अशा स्थितीत कुटुंबाची बाजू कमकुवत होते. शिवाय जुन्या भरपाई कायद्याखाली वेतन मोजताना प्रवासभत्ता त्यातून वगळला जाई. पगार लहान आणि भत्ते मोठे अशी रचना असलेल्या प्रतिनिधीच्या घरी त्यामुळे कमी रक्कम येई.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. संहितांमधल्या ‘कामगार’ या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. १९६१ च्या निकालापासून चाललेला दर्जाचा वाद त्यापुरता मिटला. घर आणि कामाची जागा यांच्यामधला अपघातही काही अटींवर नोकरीतला मानण्याची तरतूद आली. वेतनाच्या नव्या व्याख्येतून वाहनभत्ता आणि कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या खास खर्चाची रक्कम वगळलेली आहे, पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे पगार लहान ठेवून भत्ते फुगवण्याला काही आळा बसतो. किलोमीटरला किती द्यायचे, अंतर तक्त्याचे धरायचे की चाललेले, आणि वणीजवळचे राजूर एक्स-स्टेशन मानायचे की स्थानिक काम, हे प्रश्न संहितांनी कंपनीच्या धोरणावर आणि संघटनांच्या करारावर सोडले आहेत.